खारघरच्या गच्चीवरून क्रॅब नेब्युला: ओ-थ्री फिल्टर घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खारघरची गच्ची, ८ इंची डॉबसोनियन दुर्बीण (हाताने ढकलून फिरवायची, फोकल लेंग्थ १२०० मिमी), २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्यापाशी लावायची भिंगं). क्रॅब नेब्युला, म्हणजे एम १ हा तेजोमेघ, काही केल्या सापडत नाही आणि दुकानदार म्हणतो ओ-थ्री फिल्टर (ऑक्सिजनच्या रेषांचाच उजेड आत सोडणारी काच) घ्या.

क्रॅबसाठी घेत असाल तर नका घेऊ. व्हेल (Veil, म्हणजे पदर) नेब्युलासाठी घेत असाल तर जरूर घ्या. दोन्ही स्फोट झालेल्या ताऱ्यांचेच अवशेष आहेत, पण दोघांचा उजेड वेगळ्या कारणाने येतो आणि फिल्टर कामाचा की नाही हे त्यावरच ठरतं.

हंस तारकासमूहातला व्हेल हा साधारण १० ते २० हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा अवशेष. त्याची आघातलाट आजही आसपासच्या वायूवर आदळते आहे. तापलेला वायू निवताना दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, यालाच ओ-थ्री म्हणतात) रेषांमध्ये, म्हणजे ठराविक तरंगलांबींवर उजळतो, त्यातली मुख्य ५००.७ नॅनोमीटरची. ओ-थ्री फिल्टर जेमतेम १०-१२ नॅनोमीटरची फट उघडी ठेवतो. त्यामुळे रस्त्यावरच्या एलईडीचा बहुतेक उजेड अडतो आणि व्हेलचा बहुतेक उजेड आत येतो.

क्रॅबचं तसं नाही. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या त्या स्फोटातून मागे एक न्यूट्रॉन तारा, म्हणजे ताऱ्याचा अतिघन गाभा उरला. तो सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो आणि त्याची गिरकी दररोज सुमारे ३८ नॅनोसेकंदांनी लांबते. या मंदावण्यातून सुटणारी ऊर्जा इलेक्ट्रॉनना मिळते. ते चुंबकीय क्षेत्रात गरगरताना सिंक्रोट्रॉन प्रकाश देतात, आणि तो सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला असतो. तुमच्या ८ इंचीत दिसणारा धूसर अंडाकृती डाग मुख्यतः हाच. त्याच्यावर ओ-थ्री लावलात की शहराचा उजेड कापला जातो तसाच क्रॅबही कापला जातो. बाहेरचे तंतू रेषांमध्ये चमकतात हे खरं, पण ते वेगळे दिसायला याहून मोठा आरसा आणि काळोखं आकाश लागतं.

मग क्रॅब सापडायचा कसा? वृषभाच्या दोन शिंगांच्या टोकांपैकी अग्नी हा ठळक तारा आणि दुसरा झीटा टॉरी. फाइंडरमध्ये (दुर्बिणीवरच्या छोट्या नेम धरायच्या दुर्बिणीत) झीटा धरा. २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट मोठं दिसतं आणि साध्या प्लॉसल जातीच्या आयपीसमध्ये सुमारे १.१ अंशाचं आकाश मावतं. क्रॅब झीटाच्या वायव्येला साधारण तेवढ्याच अंतरावर आहे, म्हणून झीटा एका कडेला ढकलला की क्रॅब समोरच्या कडेशी येतो. डाग आहेसं वाटलं की ट्यूबला हळूच टिचकी मारा. हलणारी फिकट वस्तू डोळा पटकन पकडतो. मग १० मिमी लावा, १२० पटीला पार्श्वभूमी काळवंडते. नजर थोडी बाजूला ठेवा आणि डोक्यावरून काळं कापड घ्या, कारण शेजारच्या इमारतीच्या जिन्यातला एक दिवासुद्धा २० मिनिटांचं डोळ्यांचं अंधाराला रुळणं वाया घालवतो.

आणखी एक अडचण खास आपल्या अक्षांशाची. क्रॅब आकाशाच्या विषुववृत्ताच्या २२ अंश उत्तरेला, आपण पृथ्वीवर १९ अंश उत्तरेला. म्हणजे तो ऐन माथ्यावर येतो, आणि डॉबसोनियन माथ्याजवळ आडवं फिरवणं जवळपास अशक्य होतं. जरा ढकललं की तारा निसटतो. म्हणून तो माथ्यावर यायच्या दीड तास आधी किंवा नंतर बघा, तेव्हा उंची ७० अंशांच्या आसपास असते. जानेवारीच्या मध्यावर तो साडेदहाच्या सुमारास माथ्यावर येतो, म्हणजे नऊ वाजता सुरुवात करा. खाडीवरून धुरकट हवा आलेली असेल तर त्या रात्री नाद सोडा. ८.४ प्रतीचा (नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतका फिकट) पसरट डाग अशा हवेत कितीही पटीत दिसणार नाही.

व्हेलची वेळ पावसाने खाल्लेली असते. ऑगस्टमध्ये मध्यरात्री तो माथ्यावर, पण तेव्हा ढग. आपल्याला खरी संधी ऑक्टोबरमध्ये, आठच्या सुमारास, पावसाने हवा धुतलेली असताना. हंसातल्या एप्सिलॉन सिग्नी या ताऱ्याच्या सव्वातीन अंश दक्षिणेला ५२ सिग्नी हा तारा, आणि व्हेलचा पश्चिमेचा पदर बरोबर त्याच्यामागून जातो. पूर्वेचा तुकडा जास्त ठळक आहे, आधी तो शोधा. इथे फिल्टर २५ मिमीवरच लावा. १० मिमीवर लावलात तर डोळ्यात येणारी प्रकाशशलाका १.७ मिमीची उरते आणि सगळंच विझतं. गच्चीवरून पूर्वेचा तुकडा कसाबसा लागेल. वांगणी किंवा मुरबाडच्या पलीकडे गेलात तर तोच पीळदार दोरांसारखा दिसतो. तिथे दव पडतं आणि सगळ्यात आधी फाइंडरची काच धुरकटते, त्यावर पुठ्ठ्याची नळी चढवा. येऊर जवळ आहे म्हणून रात्री तिथे जाऊ नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे.

फिल्टर घेताना सव्वा इंची आणि आयपीसच्या नळीत स्क्रू होणारा घ्या. आयपीसच्या संचाबरोबर येणारे ‘नेब्युला फिल्टर’ फार रुंद पट्ट्याचे असतात, एलईडीच्या उजेडापुढे त्यांचा उपयोग नगण्य.

पुढे कॅमेरा लावायचा विचार असेल तर हाच फरक तिथेही लागू. व्हेलसाठी हायड्रोजन-ऑक्सिजनचा दुहेरी फिल्टर, ३ मिनिटांच्या फ्रेम, एकूण ४ ते ६ तास, गच्चीवरूनही जमतं. क्रॅबला तोच फिल्टर लावला तर तंतू छान येतात, पण मधला ढग गायब होतो. म्हणून फिल्टरशिवाय ३० सेकंदांच्या फ्रेमचा वेगळा संच घ्या आणि नंतर जोडा. हा बिनफिल्टरचा संच दरवर्षी त्याच दुर्बिणीने घेत राहा. क्रॅब सेकंदाला सुमारे १५०० किमी वेगाने फुगतो आहे, म्हणजे त्याची कड दशकात साधारण दीड आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग म्हणजे एक आर्कसेकंद) सरकते. १००० मिमी फोकल लेंग्थ आणि ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर ते दोन पिक्सेल होतात. डॉबसोनियनवर मात्र या लांब फ्रेम घेता येणार नाहीत, त्यासाठी ताऱ्यांमागोमाग आपोआप फिरणारं ट्रॅकिंगचं माउंट लागेल.