विज्ञान-गणिताचं पहिलं पुस्तक निवडताना

सुरुवातच कृष्णविवरं आणि क्वांटमपासून करू नका, बहुतेकांची गाडी तिथेच अडते. एकाच प्रश्नाभोवती फिरणारं पातळ पुस्तक घ्या.

गणिताचं असेल तर पेन्सिल हाताशी हवीच. मूळ संख्या अनंत असल्याची युक्लिडची सिद्धता नुसती वाचून मला वाटलं होतं, पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात १ मिळवला की नवी मूळ संख्याच मिळते. मग २×३×५×७×११×१३+१ करून पाहिलं. आले ३००३१, म्हणजे ५९×५०९! मूळ नाहीच. पण ५९ आणि ५०९ दोन्ही मूळ, आणि गुणाकारात घेतलेल्या यादीबाहेरच्या. खरी मेख तीच: यादी कितीही लांब घ्या, बाहेरची एखादी मूळ संख्या निघतेच.

बाकी दोनच गोष्टी:
- अडलं तर पुढे जा, नंतर परत या.
- आवृत्तीचं साल बघा. २००६ च्या आधीच्या पुस्तकांत प्लूटो अजून ग्रहच असतो, बिचारा.