वीस टक्के वेळ देण्याआधी टाइमशीट उघडून पाहा

आपण विचारले आहे की इंदूरमध्ये साठ माणसांची सॉफ्टवेअर कंपनी चालवताना हॅकेथॉन (एक-दोन दिवसांत नवी कल्पना बनवून दाखवण्याची स्पर्धा) घेतले, सूचनापेटी ठेवली, बक्षिसे जाहीर केली, तरी नव्या कल्पना येत नाहीत आणि हुशार मुले दोन-तीन वर्षांत पुण्याला किंवा बेंगळुरूला निघून जातात. तेव्हा गूगलप्रमाणे प्रत्येकाला कामाच्या वेळेपैकी वीस टक्के वेळ स्वतःच्या कल्पनांसाठी मोकळा द्यावा का? मी याच शहरात बावीस वर्षे अशाच कंपन्यांत काम केले आहे, त्यातली चौदा वर्षे माणसे सांभाळण्यात गेली आहेत, आणि माझे उत्तर असे आहे की आज तरी देऊ नये.

गूगलच्या संस्थापकांनी २००४ साली, कंपनी शेअर बाजारात आणताना लिहिलेल्या पत्रात या वीस टक्क्यांचा उल्लेख केला होता. पण गूगलचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे आहे. तिथल्या अभियंत्याचा एक दिवस कोणत्याही ग्राहकाच्या बिलातून वजा होत नाही. आपली कंपनी, आपण लिहिले आहे त्याप्रमाणे, तासांवर बिल लावते. अशा ठिकाणी टीम लीडची वर्षअखेरची पारख दोनच गोष्टींवर होते: किती तासांचे बिल गेले आणि रिलीज, म्हणजे तयार सॉफ्टवेअर ग्राहकाला देणे, तारखेला झाले की नाही. मग मुलांनी तो वीस टक्के वेळ शनिवारी आणि रात्री काढावा अशी अपेक्षा आपोआप तयार होते, आणि हे त्यांच्या लक्षात यायला एक महिनाही लागत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे, आणि ती मी माझ्या हातून घडलेल्या चुकीतून शिकलो. औषधांच्या एका वितरकाचे काम आमच्याकडे होते. दर महिनाअखेरीस आमची चार माणसे दोन दिवस बसून बिले आणि जमा रकमा जुळवत असत. टीममधल्या एका मुलीने, तिला नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते, घरी बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो न जुळणाऱ्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढून दाखवत असे. एका गुरुवारी संध्याकाळी तिने तो मला दाखवला. दुसऱ्या दिवशी रिलीज होते. मी म्हणालो, ‘छान आहे, रिलीज होऊ दे, मग बघू.’ ते रिलीज झाले, पुढचे आले. तिने आणखी एकदा आठवण करून दिली, नंतर दिली नाही. सात महिन्यांनी तिने राजीनामा दिला आणि ती पुण्याला गेली. पुढच्या गणेशोत्सवात इंदूरच्या आमच्या रामबाग वस्तीत ती भेटली तेव्हा ऑफिसातले ‘सर’ गळून पडले होते. ती म्हणाली, ‘काका, तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी सुधारून आणलं असतं. पण उत्तरच आलं नाही.’

ते वाक्य अनेक दिवस मनातून जाईना, म्हणून मी मागे जाऊन हिशोब मांडला. प्रोग्राम वापरला असता तर दरमहा आठ मनुष्यदिवसांचे काम बहुतेक संपले असते, म्हणजे तेवढे बिलही संपले असते. माझी टाळाटाळ घाईगर्दीतून आली होती खरी, पण घाई नसती तरी माझ्यापुढे तो प्रोग्राम पुढे नेण्याचे एकही कारण नव्हते. कल्पना यशस्वी झाली की तोटा माझ्या टीमच्या आकड्यात दिसणार आणि फायदा ग्राहकाला मिळणार, अशी ती रचना होती. आपल्याकडेही हीच रचना असेल तर सूचनापेटी कितीही मोठी ठेवली तरी ती रिकामीच राहील, कारण पेटीची किल्ली ज्याच्या हातात आहे त्यालाच तिचा जाच आहे.

नंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. ग्राहकाशी बोलून असे वारंवार येणारे काम तासांऐवजी ठरीव रकमेवर घेतले, त्यामुळे वाचलेला वेळ आमचा झाला. टाइमशीटमध्ये, म्हणजे कोणी कोणत्या कामावर किती तास घालवले त्या नोंदीत, प्रयोगासाठी स्वतंत्र कोड उघडला, आणि एका कल्पनेवर चाळीस तासांपर्यंतचा खर्च टीम लीडने वर न विचारता मंजूर करावा असे ठरवले. हे तास त्याच्या कामगिरीत बिलाच्या तासांइतकेच धरले जाऊ लागले. टाइमशीटमध्ये ज्याला कोड नाही ते काम कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नसते, म्हणून मला ही नोंद बक्षिसापेक्षा महत्त्वाची वाटते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक कल्पनेला आठ दिवसांत कारणासह उत्तर, आणि ते उत्तर देणाऱ्याच्या नावाने. बहुतेक उत्तरे नकाराचीच होती. तरी मुले सुधारून परत येऊ लागली.

मोठ्या शहराशिवाय हे होत नाही, असे आपल्या प्रश्नात सूचित आहे. ते मला मान्य नाही. निचिया ही कंपनी जपानच्या शिकोकू बेटावर, टोकियोपासून दूर तोकुशिमा प्रांतात आहे. तिथल्याच विद्यापीठात शिकलेले शुजी नाकामुरा १९७९ साली तिथे लागले. निळ्या एलईडीवर काम करायची त्यांची मागणी संस्थापक नोबुओ ओगावा यांनी मान्य केली, पैसा दिला, वर्षभर फ्लोरिडाला शिकायला पाठवले, आणि १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी जगापुढे आला. पण याच कंपनीने पेटंटसाठी त्यांना वीस हजार येन दिले. ते नोकरी सोडून अमेरिकेत गेले, दावा झाला, आणि २००५ साली सुमारे चौऱ्याऐंशी कोटी येनवर तडजोड झाली. २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते कंपनीचे नव्हते. लहान गावात माणूस घडवणारी आणि नंतर गमावणारी कंपनी एकच होती, हे आपण विसरू नये.

फसलेल्या प्रयोगांविषयीही लिहायला हवे. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासल्या तेव्हा चांगल्या चमूंत चुकांची नोंद जास्त आढळली. तिथे चुका लपवल्या जात नव्हत्या, हे त्यामागचे कारण होते. आपल्या ऑफिसात ‘आमचा प्रयोग फसला’ असे गेल्या सहा महिन्यांत कोणी उभे राहून सांगितले नसेल, तर प्रयोग होत नाहीत किंवा झाकले जातात. अप्रेझलमध्ये, म्हणजे वार्षिक कामगिरीच्या मूल्यमापनात, ठरावीक टक्के लोकांना खालचा क्रमांक द्यायची सक्ती असेल तर ती आधी काढावी; मायक्रोसॉफ्टने ती पद्धत २०१३ च्या नोव्हेंबरात बंद केली. खालचा क्रमांक कोणाला तरी मिळणारच असेल, तर फसू शकणारे काम कोण अंगावर घेईल?

सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर दिवाळीला आपल्याकडून गेलेली मुले घरी येतील. त्यांतल्या चार-पाच जणांना चहाला बोलवावे, पगाराचा विषय काढू नये, आणि एवढेच विचारावे की इथे असताना तू कोणती गोष्ट सुचवली होतीस आणि तिचे पुढे काय झाले. त्या बैठकीला टीम लीडना बसवू नये. मुले त्यांच्यासमोर मोकळेपणी बोलणार नाहीत.