‘ती फार खूश आहे हो, भीती वाटते’

“मॅडम, ती चार दिवस फार खूश आहे हो.” कोथरूडहून आलेल्या एका आईंची ही तक्रार. शेजारी बसलेल्या सव्वीस वर्षांच्या लेकीने मान खाली घातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलीला तीन वर्षांपूर्वी बायपोलरचं, म्हणजे अति उत्साह आणि खोल नैराश्य अशा दोन टोकांच्या अवस्था येणाऱ्या मनोविकाराचं, निदान झालं होतं. त्या वेळी पाच रात्री ती जेमतेम तास-दोन तास झोपली, क्रेडिट कार्डावर भरमसाट खरेदी केली आणि मग दोन महिने अंथरुणातून उठली नाही. पुढे लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध लागू पडलं. गेली दोन वर्षं ती हिंजवडीत नीट नोकरी करतेय. यंदा गणपतीसाठी तिने ढोल पथकात नाव घातलं आणि घरच्यांचं धाबं दणाणलं.

“मी हसले की आई विचारते, गोळी घेतलीस का? रडले तरी तेच. परवा गाडीच्या हप्त्यावरून बाबांशी भांडले. मुद्दा माझा बरोबर होता, तरी बाबा म्हणाले, डॉक्टरांना फोन लाव. मला साधा राग येऊच शकत नाही का?”

हे बोलताना तिचा आवाज चढला. आईंनी लगेच माझ्याकडे पाहिलं, ‘बघा’ अशा नजरेने. मी म्हटलं, “तिच्या जागी मी असते तर माझाही चढला असता.”

बाहेरच्यांचे शिक्के तिला नवे नव्हते. कुणी बेत बदलला की ऑफिसात सहज म्हणतात, ‘काय बायपोलर आहे!’ या आजारात मन घटकेत इकडे, घटकेत तिकडे होत नाही. मॅनिया, म्हणजे अति उत्साहाची अवस्था, म्हणायला साधारण आठवडाभर, नैराश्य म्हणायला दोन आठवडे ती अवस्था टिकावी लागते. सोसायटीतल्या एका बाईंनी तर ‘येरवड्याला दाखवलं का?’ असं विचारलं होतं. येरवड्याचं मनोरुग्णालय ही उपचारांची जागा आहे. तिच्या नावाची आपण शिवी करून ठेवली, याचा मला राग येतो. पण बाहेरच्यांचं ती सोसत होती. घरच्यांची नजर जास्त बोचत होती.

आईंचा प्रश्नही खोटा नव्हता. “मग ओळखायचं कसं? मागच्या वेळी आम्हाला उशिरा कळलं.” ती पाच रात्रींची धास्ती अजून त्यांच्या अंगात होती.

मी सांगितलं, आवाजाकडे नका बघू, झोपेकडे बघा. तीन तास झोपूनही ती सकाळी ताजीतवानी असेल, असं सलग दोन-तीन दिवस झालं, सोबत बोलण्याचा वेग आणि खर्च वाढला, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. पथकातून दमून आली, जेवली, आठ तास झोपली आणि सकाळी पुन्हा ढोलाविषयीच बोलत सुटली, तर तो आनंदच आहे.

मग तिघांनी मिळून ठरवलं. झोपेची नोंद लेक स्वतः वहीत करेल. शंका आली तर आईच विचारतील, बाबा नाहीत, आणि भांडण चालू असताना तर मुळीच नाही. गोळीचा विषय हा वादाला उत्तर म्हणून काढायचा नाही. बाबांना हे जड गेलं. पुढच्या भेटीत ते स्वतःहून म्हणाले, हप्त्याच्या बाबतीत तिचंच बरोबर होतं.

ढोल सोडायला मी सांगितलं नाही, पण धोका लपवलाही नाही. पुण्यातली विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि जागरणाने मॅनिया उसळू शकतो. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. खांदे दुखले म्हणून घेतलेल्या आयब्युप्रोफेननेही ते वाढू शकतं. तिने हे सगळं मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून घेतलं, आधी रक्त तपासलं आणि पथकाकडून दुपारची पाळी मागून घेतली. कारण सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, हा तिचा हक्क.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आईंचा फोन आला. “रात्री साडेनऊला आली, दहा मिनिटांत झोपली. सकाळी मी लवकर उठवलं तर केवढी चिडली माझ्यावर!”

“मग?”

“मग काय, पांघरूण घातलं आणि दार ओढून घेतलं.”