यहेज्केल ८ ते ११ : ‘माझ्या पवित्रस्थानापासून आरंभ करा’

तुम्ही विचारले आहे की हिब्रू संदेष्टे मूर्तिपूजेवर इतके का तुटून पडतात, आणि मंडळीच्या अभ्यासवर्गात यहेज्केलचे ८ ते ११ हे अध्याय घेताना विश्वासणाऱ्यांपुढे नेमके काय ठेवावे. माझे उत्तर ९:६ वर उभे आहे. न्याय करायला निघालेल्यांना तिथे आज्ञा मिळते : ‘माझ्या पवित्रस्थानापासून आरंभ करा.’

आपल्याकडे हे अध्याय शिकवताना सर्वांत मोठी चूक होते ती इथेच. शेजाऱ्याच्या देवघराकडे बोट दाखवले जाते आणि वर्ग सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. संदेष्टे असे बोलत नाहीत. आमोसचे पहिले दोन अध्याय आधी वाचून घ्या. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब या सहा परराष्ट्रांवर तिथे आरोप आहेत. दिमिष्काने गिलादाला लोखंडी अवजारांनी मळले, गज्जाने माणसे विकली, अम्मोनाने सीमा वाढवण्यासाठी गरोदर स्त्रियांची पोटे चिरली, मवाबाने अदोमच्या राजाची हाडे जाळून चुना केला. मूर्ती ठेवल्याचा आरोप या सहांपैकी एकावरही नाही. नियमशास्त्र नाकारल्याचा ठपका येतो तो यहूदावर, म्हणजे यरुशलेमेच्या राज्यावर, कारण देवाचा करार त्यांच्याशी झाला होता. यशया ४४ मधला सुतार अर्ध्या लाकडावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याचा देव करतो. ती थट्टासुद्धा इस्राएलाच्याच कानांसाठी आहे, भ्यालेल्या निर्वासितांना धीर यावा म्हणून.

आता यहेज्केल. इ. स. पू. ५९७ मध्ये यहोयाखीन राजाबरोबर बाबेलला नेलेल्यांपैकी तो एक, याजकाच्या घरातला. ८:१ मधली तारीख, म्हणजे सहावे वर्ष, सहावा महिना, पाचवा दिवस, इ. स. पू. ५९२ मध्ये येते. यरुशलेम पडायला अजून सुमारे सहा वर्षे आहेत आणि मंदिर उभे आहे. दृष्टान्तात त्याला त्या मंदिरातून फिरवले जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘याहून मोठी अमंगळ कृत्ये पाहशील’ असे सांगितले जाते. उत्तरेच्या दरवाजाशी ईर्ष्येची मूर्ती. मग भिंतीला भोक, आत खोली, भिंतीभर सरपटणाऱ्या प्राण्यांची व पशूंची चित्रे, आणि हातात धूपपात्रे घेतलेले सत्तर वडील. पुढे तम्मूज या बाबेलकडच्या देवासाठी रडणाऱ्या स्त्रिया. शेवटी देवडी आणि वेदी यांच्यामध्ये सुमारे पंचवीस पुरुष : पाठ मंदिराकडे, तोंड पूर्वेला, सूर्याला दंडवत घालणारे.

वर्गात अंधाऱ्या खोलीपाशी थांबा. सत्तरांमध्ये एकाचेच नाव दिले आहे, शाफानाचा मुलगा याजना. योशीया राजाच्या काळी, इ. स. पू. ६२२ च्या सुमारास, मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ राजाला वाचून दाखवणारा चिटणीसही शाफानच. हा त्याच घरातला असेल, तर मूर्ती हटवणाऱ्या त्या सुधारणेच्या मशालवाल्यांचा मुलगा एका पिढीत धूपपात्र घेऊन उभा आहे. आणि ते वडील म्हणतात काय? ‘परमेश्वर आम्हाला पाहत नाही, परमेश्वराने देश सोडला आहे.’ त्यांनी देवाला नाकारलेले नाही. तो आपल्या कामाचा उरला नाही, असे मनात धरून पर्यायी व्यवस्था केली आहे. संदेष्ट्यांच्या लेखी मूर्तिपूजा सुरू होते ती या ठिकाणी.

ही व्यवस्था लोकांना मोहक का वाटे हे सांगितले नाही, तर ते लोक मूर्ख वाटतात आणि धडा हुकतो. कनानात शेती पावसावर होती, मिसरासारखी नदीच्या पाण्यावर नव्हती. अनुवाद (नियमशास्त्राचे पाचवे पुस्तक) ११:१०-११ हा फरक स्पष्ट सांगते. बआल हा वादळाचा, पावसाचा देव. त्याला थोडे देऊन ठेवणे म्हणजे पिकाची हमी. होशेय २:८ मधली वेदना हीच : धान्य, द्राक्षारस, तेल मी दिले, हे तिला, म्हणजे पत्नीच्या रूपातल्या इस्राएलाला, कळलेच नाही.

सर्वांत अवघड प्रसंग यिर्मया ४४ मध्ये आहे, आणि मला वाटते तो टाळू नये. शहर पडल्यावर मिसरात पळालेले लोक त्याला तोंडावर सांगतात की आकाशाच्या राणीला धूप जाळत होतो तेव्हा पोटभर भाकर होती. धूप बंद केला तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ. त्यांचा हिशेब वरवर चुकीचा नव्हता. योशीयाने मूर्ती काढल्या, आणि पुढे तो स्वतः इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मारला गेला, मग ५९७ चा पाडाव, मग ५८६ चा विध्वंस. यिर्मया त्याच घटना उलट्या बाजूने वाचतो : तुम्ही जाळलेल्या त्या धूपामुळेच हे आले. ‘मला अनुभव आला’ एवढ्यावर श्रद्धेची खूण ठरत नाही, हे वर्गाला पटवायला याहून चांगला उतारा नाही.

दुसरी चूक म्हणजे ८:१७ गाळणे. अमंगळ कृत्यांची यादी संपते त्याच वचनात ‘त्यांनी देश जुलमाने भरला आहे’ असे येते, आणि ९:९ मध्ये रक्त आणि अन्याय. यिर्मया ७ मध्येही परका, अनाथ, विधवा यांच्यावरचा जुलूम आणि बआलाला धूप एकाच दमात येतात. ज्या देवाला लाच चालते त्याच्या भक्ताला गरिबाचा हिशेब द्यावा लागत नाही. संदेष्ट्यांना ही साखळी दिसत होती. म्हणून ‘हृदयातल्या मूर्ती’ (यहेज्केल १४:३) शोधताना पैसा, मान, मोबाईल एवढी नेहमीची यादी करून थांबू नका. ती मूर्ती जपण्यासाठी कोणाचे नुकसान होते, हे विचारा. मोलकरणीचा पगार, भावाच्या हिश्शाची जमीन, मंडळीच्या निधीचा हिशेब, अशी नावे निघू द्या.

९:४ मधली खूण कोणाला मिळते तेही नीट वाचा. तागाचे वस्त्र नेसलेला लेखक जी खूण करतो ती ‘ताव’, हिब्रू वर्णमालेतले शेवटचे अक्षर. जुन्या लिपीत ते फुलीसारखे दिसे, म्हणून काहीजण लगेच वधस्तंभाकडे उडी मारतात. आधी वचन काय म्हणते ते घ्या : शहरातल्या कृत्यांबद्दल जे उसासे टाकतात आणि कण्हतात, त्यांना ती खूण. असे कण्हणे आपल्या जवळही आहे : आपल्या कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, ‘बिरड्याचा सण’ पाळत आले, तो हिब्रू पंचांगातल्या आब महिन्याच्या नवमीचा, यरुशलेमेच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस. त्या दिवशी सभास्थानात वाचल्या जाणाऱ्या विलापगीतात ‘आम्ही पाप केले’ असे आहे (५:१६).

हे चारही अध्याय मिळून ७६ वचने आहेत. पहिल्या बैठकीत काहीही न समजावता सलग मोठ्याने वाचा, नाहीतर तेजाचा प्रवास हातून निसटतो. परमेश्वराचे तेज करुबावरून (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यावरून) मंदिराच्या उंबरठ्यावर येते, मग पूर्वेच्या दरवाजाशी, मग शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर (११:२३). ते टप्प्याटप्प्याने, थांबत थांबत जाते. आगीपेक्षा हे निघून जाणे मोठा न्याय आहे. पण त्याआधीच ११:१६ मध्ये हद्दपार झालेल्यांना तो म्हणतो की परदेशात मीच थोडा काळ त्यांचे पवित्रस्थान झालो, आणि ११:१९ मध्ये दगडाचे हृदय काढून मांसाचे देण्याचे वचन आहे. शेवटच्या बैठकीला ४३:१-५ जोडा : तेज परत येते, आणि तेही पूर्वेच्याच दरवाजाने.