सूर्य पृथ्वीला ओढतो, तर पृथ्वी त्याच्यावर जाऊन आदळत का नाही?

पृथ्वी सूर्याकडे सतत पडतच असते, पण तिला आडवा वेग इतका आहे की दर वेळी ती सूर्याला चुकवून पुढे निघून जाते. आकडेच पाहा. सूर्याच्या ओढीने पृथ्वी एका सेकंदात सरळ रेषेपासून जेमतेम ३ मिलिमीटर सूर्याकडे वळते, आणि त्याच सेकंदात सुमारे ३० किलोमीटर पुढे सरकते. हे इवलेसे वळणे क्षणोक्षणी चालू राहते आणि त्यातूनच कक्षा तयार होते. गुरुत्वाकर्षण नसते तर पृथ्वी सरळ रेषेत निघून गेली असती. वेग नसता तर साधारण दोन महिन्यांत सूर्यात जाऊन पडली असती. हा वेग टिकवायला कसलेही इंजिन लागत नाही, कारण अवकाशात तो कमी करणारे घर्षण जवळजवळ नाहीच. उलट सूर्याजवळ जायचे तर वेग घालवावा लागतो, आणि हे मला फार विलक्षण वाटते: सूर्याचा जवळून अभ्यास करायला २०१८ साली सोडलेल्या पार्कर यानाला शुक्राच्या ओढीने वेग घालवण्यासाठी त्या ग्रहाजवळून सात वेळा जावे लागले.

फक्त एक लक्षात घ्या, कक्षा अगदी गोल नसते, किंचित लंबवर्तुळाकार असते. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असतो, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. त्यामुळे वेगही थोडा बदलतो, जवळ असताना जास्त, लांब असताना कमी.