नवीन प्रार्थना सुरू करणाऱ्या भावासाठी

भाऊ, पहिले तर तासभर प्रार्थनेचा नेम लावून घेऊ नको. मी तेच केलं होतं, पहाटे ४ चा अलार्म, गुडघ्यावर बसलो का पाच मिनिटात डुलकी, आठवड्यात सगळं बंद. १० मिनिटं पुष्कळ झाले, पण रोज. येशू पहाटेच उठून एकांतात प्रार्थनेले गेला हे बायबलातल्या मार्क १:३५ मध्ये आहे, पण शेतातली लाइन (वीज) रात्रीची असल अन् तू ओलीत करून २ वाजता झोपत असशील तर पहाटेचा हट्ट काहून? धुऱ्यावर बसून कर, चालते.

शब्द सुचत नसले तर येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना घे (मत्तय ६:९-१३), एकेका ओळीवर थांब. त्यातल्या रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी आलं का कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, सारं डोक्यात येते, येऊ दे, तेच सांग देवाले. चर्चच्या पाळकासारखं शुद्ध बोलायचं टेन्शन नको.

नवीन लोकं इथं चुकतात:
- नुसती मागण्यांची यादी, आभार नाही, गप्प बसणं तर नाहीच
- बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून धरतात अन् लेवीय या नियमांच्या पुस्तकात अडकतात. मार्क घे, १६च अध्याय आहेत.

खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी डबल करू नको. उपासाचं नंतर पाहू, सध्या मोबाइल तेवढा दुसऱ्या खोलीत ठेव.