पहिला प्रश्न तू विचारू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

विभागप्रमुख झाल्याची तुझी मेल पोचली. बजेट, बंद पडलेला सेंट्रिफ्यूज, न भरलेल्या जागा यांवर तू भरभरून लिहिलंयस आणि अगदी शेवटी एकच ओळ: ‘गुरुवारचा सेमिनारही आता माझ्याच गळ्यात पडलाय.’ मी त्या ओळीबद्दलच लिहिणार आहे. बाकीचं ऑफिसातली जुनी मंडळी तुला शिकवतील. खरेदीच्या फायलीचं शास्त्र त्यांच्याइतकं मला कधीच कळलं नाही.

आपल्या धंद्यात हुकूम चालत नाही. पीएचडीच्या मुलाला सकाळी नऊला ये म्हणता येतं, नऊ वाजता काहीतरी सुचू दे म्हणता येत नाही. त्यामुळे तुझं नेतृत्व लोकांना दिसणार ते आठवड्यातल्या त्या तासाभरात. तू कुठे बसतेस, कोणाला बोलू देतेस, कोणाला आवरतेस, हे सगळे बघत असतात.

केंब्रिजची एमआरसी (मेडिकल रिसर्च कौन्सिल) लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी १९६२ साली हिल्स रोडच्या नव्या इमारतीत उभी राहिली. मॅक्स पेरुट्झ तिथे डायरेक्टर झाले नाहीत, बोर्डाचे चेअरमन झाले, ते १९७९ पर्यंत. सँगर, क्रिक, केंड्रू, ब्रेनर अशा नोबेलवाल्या माणसांवर साहेबगिरी करणार तरी कोण? पेरुट्झ स्वतः हिमोग्लोबिनवर काम करत राहिले. त्यांनी महत्त्वाच्या मानलेल्या गोष्टी साध्या होत्या: उपकरणं सगळ्यांची सामायिक, आणि सगळ्यांनी एकत्र बसावं असं कॅन्टीन. ते कॅन्टीन त्यांच्या पत्नी गिझेला यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. तुझ्याकडे कॅन्टीनवाला आहे आणि गुरुवारचा तास आहे. कमी नाही.

आता त्या तासाबद्दल. समज, चौथ्या वर्षाची एक मुलगी वेस्टर्न ब्लॉट दाखवतेय, म्हणजे नमुन्यात एखादं प्रोटीन किती आहे ते पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी; एकेका नमुन्याची एकेक लेन. औषध दिलेल्या लेनमधला पट्टा फिका आहे, म्हणून प्रोटीन कमी झालं असा तिचा दावा. पण खाली ॲक्टिनचा पट्टाही त्याच लेनमध्ये फिका आहे. ॲक्टिन हे सगळ्या लेनमध्ये सारखंच दिसायला हवं असं प्रोटीन, म्हणजे लोडिंग कंट्रोल; तेच फिकं असेल तर त्या लेनमध्ये मुळात नमुनाच कमी भरला गेला असावा. हॉलमधल्या निम्म्या लोकांना ते दिसलंय. पहिल्या रांगेतले सर, नव्या सुनेच्या आमटीत मीठ नाही हे पंगतीत ओरडून सांगावं तशा आवाजात म्हणतात, ‘लोडिंग कंट्रोल बघितलंस का?’

प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. तो विचारलाच पाहिजे. आज आपण नाही विचारला तर उद्या शोधनिबंध तपासणारा रेफरी विचारील, आणि तेव्हा तिचं वर्ष वाया गेलेलं असेल. पण तो पहिला आला की पुढची वीस मिनिटं ॲक्टिनवर खर्ची पडतात आणि मूळ कल्पना बाजूलाच राहते. मागच्या बाकावरची मुलं त्या दिवशी ठरवतात, आपल्या टॉकमध्ये खात्रीचं तेवढंच दाखवायचं.

म्हणून नियम कर: पहिले तीन प्रश्न विद्यार्थ्यांचे. सुरुवातीला कोणी हात वर करणार नाही. ती शांतता तुला असह्य होईल, आणि ती भरून काढायची जबाबदारी आपलीच आहे असंही वाटेल. भरू नकोस. कोणीतरी विचारेल, ‘औषध किती तास दिलं होतं?’ साधा प्रश्न, पण त्यातून मुलीला स्वतःचा प्रयोग सांगायची संधी मिळते. मग तुझी पाळी आली की विचार, ‘समान प्रोटीन लोड करून हाच ब्लॉट परत केलास तर फरक किती उरेल, तुझा अंदाज काय?’ आक्षेप तोच, फक्त आता डोकं तिला चालवावं लागतं. इंग्रजीत अडखळणारा मुलगा मराठीत किंवा हिंदीत विचारू लागला तर विचारू दे. वक्त्याला ते इंग्रजीत तू सांग.

ज्येष्ठ प्राध्यापक थोडे फुगतील. फुगू देत. पण याचा अर्थ सगळ्यांनी गोड बोलायचं असा लावलास तर मात्र घात होईल. केंब्रिजला वर्षातला एक आठवडा प्रत्येक गट आपलं काम सगळ्या संस्थेसमोर मांडायचा. ‘क्रिक वीक’ हेच त्याचं नाव. क्रिक समोर असताना ढिसाळ युक्तिवाद खपायचा नाही. ‘छान झालं टॉक’ म्हणून चहाकडे पळणाऱ्या विभागापेक्षा भांडणारा विभाग मला केव्हाही चालेल.

आपल्याकडचंही उदाहरण आहे. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या शिफारशीवरून होमी भाभांनी जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींना १९६२ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आणलं. भौतिकशास्त्र आणि गणिताच्या त्या घरात मॉलिक्युलर बायॉलॉजीचं युनिट सुरू झालं. तिथल्या बुधवारच्या कलोक्वियमला गणितवालाही बसलेला असतो, त्यामुळे फळमाशीच्या म्युटंटबद्दल, म्हणजे जनुकात बदल झालेल्या माश्यांबद्दल, बोलताना म्युटंट का शोधले इथपासून सांगावं लागतं. तुझ्या गुरुवारीही शेजारच्या केमिस्ट्रीतल्या दोघातिघांना आग्रहाने बोलावत जा. बोलणाऱ्याची भाषा आपोआप सुधारते. सिद्दिकींनी १९७५ मध्ये महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्राचे सेमिनार सुरू केले, तेही याच विचाराचे. डोंगरावर एकत्र मुक्काम असला की टॉक संपलं तरी वक्ता सटकू शकत नाही. बाहेरचा पाहुणा आला तर त्याचं जेवण विद्यार्थ्यांबरोबर ठेव, आपल्यापैकी कोणालाही त्या टेबलावर बसू देऊ नकोस.

वेळ मात्र कडक पाळ. पन्नास मिनिटं झाली की उभी राहा, वक्ता कितीही मोठा असो. आणि अध्यक्षाने मोबाइल काढायचा नाही, हे सांगायला नकोच.

पहिल्या गुरुवारी वक्ता म्हणून स्वतःचंच नाव लाव. शोधनिबंधात छापून आलेलं काही दाखवू नकोस. सध्या अडलेला प्रयोग घेऊन उभी राहा, कच्च्या आकड्यांसकट. तुझ्या यीस्टच्या स्क्रीनमधले, म्हणजे त्या मोठ्या चाळणीत सापडलेले, निम्मे हिट परत केल्यावर मिळत नाहीत म्हणालीस ना, तेच घे. मुलं आधी बिचकतील, मग एखादी प्लेट्सबद्दल विचारेल, मग बाकीची सुटतील.

त्या दिवशी मला मात्र बोलावू नकोस. माझ्यासारखा पिकल्या केसांचा माणूस हॉलमध्ये दिसला की मुलं प्रश्न विचारण्याआधी त्याच्या तोंडाकडे बघतात. दुसऱ्या दिवशी फोन कर, आणि प्रश्न कोणी विचारले तेवढं सांग.

तुझे सर